ब्रिएनची लष्करी शाळा आणि तिचे व्रतस्थ गुरुजन

लष्करी शाळा म्हटली की कवायतीचे मैदान, बिगूल आणि करड्या आवाजाचा हवालदार आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो. परंतु अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समधील भावी सेनाधिकाऱ्यांना उठविण्यासाठी मठाची घंटा वाजत असे आणि त्यांचे शिक्षक पायघोळ झगा घातलेले व्रतस्थ धर्मगुरू असत. या शाळांपैकी एका शाळेत नेपोलियन बोनापार्ट साडेपाच वर्षे राहिला. सम्राट नेपोलियनच्या लढायांवर ग्रंथांचे ढीग रचले गेले आहेत. त्या शाळेतील मुलांचा दिनक्रम मात्र आपण सहसा पाहत नाही. आपली मुले वसतिगृहात ठेवणाऱ्या मातापित्यांनी आणि अशी वसतिगृहे चालविणाऱ्या आम्हा धर्मगुरूंनी तो अवश्य पाहावा, असा आहे.

पंधराव्या लुईने १७५१ साली पॅरिस येथे लष्करी विद्यालय स्थापिले. गरीब सरदार घराण्यांतील पाचशे मुलांना राजाच्या खर्चाने शिकवावे, हा त्यामागील हेतू होता. पुढे सोळाव्या लुईचा युद्धमंत्री काउंट द सां-जर्मां याला राजधानीतील थाटमाट खटकू लागला. १७७६ मध्ये त्याने राजाच्या शिष्यवृत्तीधारक मुलांना प्रांतोप्रांतीच्या बारा विद्यालयांत वाटून दिले. ही विद्यालये बेनेडिक्टाइन, ऑरेटोरियन इत्यादी संघांच्या हाती होती. प्रत्येक मुलामागे राजाकडून वर्षाला ७०० लिव्हर मिळत. त्या बदल्यात शिक्षण, अन्न, वस्त्र, निवारा यांची सर्व जबाबदारी मठाने उचलायची, असा करार होता.

शॅम्पेन प्रांतातील ब्रिएन हे गाव मिनिम संघाच्या वाट्याला आले. या संघाचे मूळ ध्यानी घेतल्याखेरीज पुढील विसंगती कळणार नाही. इटलीतील कॅलाब्रिया प्रांतात जन्मलेले संत फ्रान्सिस ऑफ पावला (१४१६-१५०७) हे त्याचे संस्थापक. मिनिम म्हणजे सर्वांत लहान, सर्वांहून धाकटे. गरिबी, ब्रह्मचर्य आणि आज्ञाधारकता या तीन व्रतांना त्यांनी चौथ्याची जोड दिली: बारा महिने उपवासकाळ पाळावयाचा, मांस, अंडी, दूध, लोणी वर्ज्य. सतराव्या शतकातील थोर गणिती फादर मारां मेर्सेन याच संघाचे. म्हणजे विद्येची परंपरा होती, तपाचीही होती. अशा मठातून तलवारबहाद्दर घडवून घ्यावेत, अशी राजाची इच्छा!

मे १७७९ मध्ये या शाळेत नऊ वर्षांचा नेपोलियन दाखल झाला. त्याचा जन्म १५ ऑगस्ट १७६९ चा, म्हणजे पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाचा. कोर्सिका बेट त्याच्या जन्माच्या आदल्याच वर्षी फ्रान्सकडे आले होते. त्याची मातृभाषा इटालियन वळणाची. फ्रेंच शिकण्यासाठी त्याला काही महिने ओतून येथील विद्यालयात ठेवावे लागले होते. शाळेत प्रवेश मिळण्यासाठी दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागत: घराणे चार पिढ्यांचे खानदानी आहे आणि बापाच्या गाठीला पैसा नाही. वडिलांनी दोन्ही कागद मिळविले. ब्रिएनला सुमारे शंभर मुले होती. त्यांतील निम्मी राजाच्या अन्नावरची आणि उरलेली स्वखर्चाने शिकणारी. एकाच पंगतीला बसणारी ही दोन जातींची मुले एकमेकांना आपली पायरी विसरू देत नसत. त्यातून या परदेशी उच्चारांच्या पोराची थट्टा रोजचीच. तो आपले नाव ज्या ढंगाने उच्चारी, त्यावरून मुलांनी त्याला ‘नाकात काडी’ अशा अर्थाचे टोपणनाव ठेवले.

दिनक्रम कडक होता. प्रत्येक मुलाला झोपण्यासाठी जेमतेम सहा फूट लांबी-रुंदीची स्वतंत्र खोली मिळे. तीत गवताची गादी, एक पांघरूण, पाण्याचे भांडे आणि तस्त. प्रकृतीने नाजूक असेल, तरच दुसरे पांघरूण. रात्री खोलीला बाहेरून कडी लागे. सकाळी उठल्यावर प्रार्थना, मिसा, न्याहारी आणि मग वर्ग. गणवेश निळ्या कोटाचा, त्याला तांबड्या पट्ट्या. बारा वर्षांपर्यंत केस आखूड कापलेले. त्यानंतर शेंडी वाढवायची, मात्र केसांना पावडर फक्त रविवारी आणि सणावारी. सर्वांत कठोर नियम सुटीचा. सहा वर्षांच्या अभ्यासक्रमात एकदाही घरी जाण्याची मुभा नव्हती. आईवडील कुशीत घेणारे वय ज्याने त्या कडीबंद खोलीत काढले, त्या मुलाच्या मनात काय साचत गेले असेल, याचा विचार वाचकांनीच करावा. नेपोलियनचे वडील त्याला भेटावयास आले, ते पाच वर्षांनी, जून १७८४ मध्ये.

नवल असे, की या लष्करी शाळेत गणवेश सोडला तर लष्करी असे फारच थोडे होते. लॅटिन, फ्रेंच, इतिहास, भूगोल, गणित, जर्मन, चित्रकला, नृत्य आणि पट्टा फिरविणे हे विषय शिकविले जात. नेपोलियनची मती गणितात चाले. भाषांत तो मागे पडे. फादर पात्रो हे त्याचे गणिताचे गुरू. त्यांच्या हाताखाली पिशग्र्यू नावाचा एक तरुण मुलांचा अभ्यास करून घेई. हाच पुढे क्रांतीच्या सैन्याचा सेनापती झाला. १७९५ मध्ये त्याने हॉलंड जिंकले आणि १८०४ साली आपल्या जुन्या विद्यार्थ्याविरुद्ध कट केल्याच्या आरोपाखाली तुरुंगात असताना मेला. मुलांना बागेसाठी जमिनीचे तुकडे मिळाले होते. नेपोलियनने शेजाऱ्यांचे तुकडे आपल्या तुकड्याला जोडून भोवती कुंपण घातले आणि आत तो एकटाच पुस्तक वाचीत बसे, असे त्याचे चरित्रकार सांगतात. वर्गमित्र बूरिएन याच्या आठवणींतील हिमवर्षावाच्या दिवसांची गोष्ट तर प्रसिद्धच आहे. अंगणात बर्फाचे बुरूज व खंदक रचून मुलांनी लुटूपुटूची लढाई मांडली आणि दोन्ही बाजूंचे डावपेच नेपोलियननेच ठरविले. कोण्या एका गुरुजींनी त्याला जाडाभरडा अंगरखा घालून भोजनगृहाच्या दाराशी गुडघे टेकून जेवण्याची शिक्षा फर्माविली. त्या अपमानाने त्याला तिथल्या तिथे ओकारी झाली, तेव्हा फादर पात्रो यांनी आपल्या या विद्यार्थ्याची बाजू घेतली, अशीही एक कथा आहे.

धर्मशिक्षणाचे काय? नेपोलियनचा प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकार याच शाळेच्या मंदिरात झाला. नियमाने रोज मिसा होती, सायंप्रार्थना होती, पापनिवेदन होते. परंतु मिसा अर्पिणाऱ्यांची कळा निराळीच होती. कोणता फादर किती मिनिटांत मिसा उरकतो, याचा हिशेब मुलांनी ठेवला होता. पाच मिनिटांच्या आत आटोपणारेही होते! मुले वेदीकडे पाहत असतात आणि आपण समजतो त्याहून अधिक पाहत असतात. ज्याला गुरू स्वतः घाईघाईने गुंडाळतो, ते शिष्याला पवित्र कसे वाटावे?

दुसरी आठवण अधिक खोल आहे. सम्राटपद गेल्यावर सेंट हेलेना बेटावर नेपोलियनने ती आपल्या सोबत्यांना सांगितली. अकरा वर्षांचा असताना त्याने एक प्रवचन ऐकले. कॅटो, सीझर यांसारखे प्राचीन काळचे थोर पुरुष नरकाग्नीत जळत आहेत, असे उपदेशकाने ठासून सांगितले. ज्या धर्माचे नावही त्यांच्या कानी आले नव्हते, तो न पाळल्याबद्दल त्यांना अनंतकाळची शिक्षा? या प्रश्नाने त्या मुलाच्या श्रद्धेला तडा गेला. या प्रश्नाला देवाच्या दयेला शोभेल असे उत्तर आहे. आपला दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताची सुवार्ता कळली नाही, परंतु जे प्रामाणिक मनाने देवाचा शोध घेतात आणि सद्सद्विवेकबुद्धीला स्मरून वागतात, त्यांनाही तारण मिळू शकते, असे द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६४ साली ख्रिस्तसभेविषयीच्या घटनादेशात स्पष्ट केले. ब्रिएनच्या मंदिरातील त्या उपदेशकाने थोडी नम्रता दाखविली असती, तर? इतिहासाला ‘जर-तर’ मानवत नाही. तरी व्यासपीठावर उभे राहणाऱ्याने हा प्रसंग विसरू नये.

पाचारणाकडे त्या काळी कोणत्या दृष्टीने पाहिले जाई, तेही या विद्यार्थ्याच्या एका पत्रातून दिसते. थोरला भाऊ जोसेफ धर्मगुरू होणार, असे घरात ठरले होते. त्याला आता सैन्यात जावेसे वाटू लागले. जून १७८४ मध्ये चौदा वर्षांच्या नेपोलियनने नातलगांस लिहिले, की ओतूनचे महागुरुस्वामी जोसेफला चांगले उत्पन्नाचे पद देण्यास तयार आहेत. तो बिशप होणार हे नक्की. घराण्याचा केवढा फायदा झाला असता! प्रभूच्या हाकेचा त्यात शब्दही नाही. हा दोष एका मुलाचा नव्हे. जे घरात बोलले जात होते आणि समाजात चालत होते, तेच त्याने लिहिले.

३० ऑक्टोबर १७८४ रोजी चार सोबत्यांसह नेपोलियनने ब्रिएन सोडले आणि पॅरिसच्या लष्करी विद्यालयात प्रवेश केला. पुढच्या फेब्रुवारीत वडील वारले. सप्टेंबर १७८५ मध्ये गणिती लाप्लास यांनी घेतलेल्या परीक्षेत ५८ जणांत ४२ वा क्रमांक मिळवून तो तोफखान्याचा अधिकारी झाला. वय वर्षे सोळा. ब्रिएनच्या मठाचे दिवसही भरत आले होते. फेब्रुवारी १७९० मध्ये क्रांतिसभेने संन्यासव्रते रद्द केली आणि १७९३ मध्ये या लष्करी शाळा मोडीत निघाल्या.

पुढचा इतिहास सर्वपरिचित आहे. १८०१ मध्ये याच विद्यार्थ्याने पोप सातवे पायस यांच्याशी करार करून फ्रान्समधील मंदिरांची दारे अधिकृतपणे उघडली आणि १८०९ मध्ये त्याच पोपमहोदयांना कैद केले. धर्माची गरज त्याला कळली होती. धर्मापुढे वाकणे मात्र जमले नव्हते. तरीही जुने गुरुजन तो विसरला नाही. व्याकरण शिकविणारे फादर द्युप्वी यांना त्याने माल्मेझों येथील आपल्या निवासात ग्रंथपाल नेमले. २९ जानेवारी १८१४ रोजी शत्रुसैन्याशी त्याची गाठ पडली, ती नेमकी ब्रिएनलाच. बालपणी बर्फाचे किल्ले रचले, त्या गावात खऱ्या तोफा धडधडल्या.

पराभवानंतर त्याच्यासाठी दयेची रदबदली कोणी केली? ज्यांना त्याने पाच वर्षे बंदिवासात ठेवले, त्या सातव्या पायस यांनी. १८१७ मध्ये त्यांनी नेपोलियनचा बंदिवास सुसह्य व्हावा म्हणून इंग्लंडकडे शब्द टाकण्यास सांगितले आणि त्याच्या वृद्ध मातेला रोममध्ये आसरा दिला. १८१९ मध्ये दोन धर्मगुरू सेंट हेलेनाला पोहोचले. ५ मे १८२१ रोजी नेपोलियनने प्राण सोडला, तेव्हा त्याला त्यांतील फादर व्हिन्याली यांच्या हातून अंतिम अभ्यंग लाभले होते.

मिनिम फादरांनी त्याला गणित दिले, शिस्त दिली, इतिहासाची गोडी दिली. संत फ्रान्सिस यांच्या संघाचे बोधवाक्य होते प्रीती. कडीबंद खोलीतील मुलाला तिचा अनुभव फारसा आला नाही. ती त्याला शाळेत शिकविणाऱ्यांहून त्याने छळलेल्या वृद्ध पोपमहोदयांकडून अधिक मिळाली. आज आपल्या वसतिगृहांतील मुले गुणपत्रिका घेऊन घरी येतात, तेव्हा आईवडील गुण पाहतात. त्या मुलाला तेथे कोणी मायेने जवळ घेतले का, त्याच्या प्रश्नाला कोणी धीराने उत्तर दिले का, हेही विचारावे. आणि ते प्रश्न आम्हा धर्मगुरूंना विचारण्यास मुळीच संकोच करू नये.