को-एंझाइम क्यू आणि श्वसनशृंखलेचे संशोधन

को-एंझाइम क्यू (युबिक्विनोन) : सजीवांच्या कोशिकांतील कलकणूंच्या (ज्यांत अन्नद्रव्यांचे अंतिम ऑक्सिडीकरण होऊन ऊर्जा उपलब्ध होते अशा सूक्ष्म कोशिकांगांच्या, मायटोकाँड्रियांच्या) आतील पटलात आढळणारे, वसेत विरघळणारे क्विनोन वर्गातील संयुग. अन्नद्रव्यांतून निघालेले इलेक्ट्रॉन कलकणूंत एका वाहकाकडून दुसऱ्याकडे जात अखेरीस ऑक्सिजनापर्यंत पोहोचतात. वाहकांच्या या मालिकेला श्वसनशृंखला म्हणतात व को-एंझाइम क्यू हा तिचा मधला दुवा होय. या शृंखलेचा ऑक्सिजनाकडील शेवट प्रथम उलगडला. मधला दुवा मात्र सुमारे तीन दशके अज्ञात राहिला. श्वसनाशी संबंधित एंझाइमे ही प्रथिने असल्यामुळे आणि सायटोक्रोमे आपल्या ठळक वर्णपट्टांमुळे ओळखता येत असल्यामुळे संशोधकांचे लक्ष त्यांवरच केंद्रित झाले होते. वसेत दडलेला फिकट पिवळा पदार्थ त्यांच्या पद्धतींच्या कक्षेबाहेर राहिला.

प्रारंभीचे संशोधन : चार्ल्स मॅकमन यांनी १८८६ च्या सुमारास प्राण्यांच्या ऊतकांत विशिष्ट वर्णपट्ट असलेली रंगद्रव्ये पाहिली होती, परंतु त्यांचे निष्कर्ष त्या वेळी स्वीकारले गेले नाहीत. १९२५ मध्ये केंब्रिज येथे डेव्हिड कायलिन यांना कीटकांच्या स्नायूंत व यीस्टमध्ये तेच पट्ट पुन्हा आढळले. हवेचा पुरवठा होताच हे पट्ट नाहीसे होतात व हवा तोडल्यावर पुन्हा दिसू लागतात, हे पाहून त्यांनी या द्रव्यांना सायटोक्रोम हे नाव दिले. श्वसनातील लोहयुक्त एंझाइमावर जर्मनीत संशोधन करणारे ओटो वारबुर्ख यांना १९३१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

वनस्पतींचा प्रश्न : प्राणी व यीस्ट यांत आढळलेली ही यंत्रणा उच्च वनस्पतींतही आहे काय, हा प्रश्न मात्र अनिर्णित होता. सायनाइडाने सायटोक्रोम ऑक्सिडेज हे एंझाइम निष्क्रिय होते. पण वनस्पतींच्या काही ऊतकांचे श्वसन सायनाइड असतानाही चालू राहते. त्यामुळे वनस्पतींची श्वसनपद्धती निराळी असावी, अशी शंका घेण्यास जागा होती. या प्रश्नाच्या उकलीत एका मराठी संशोधिकेचा महत्त्वाचा वाटा आहे.

कमला भागवत (विवाहानंतर कमला सोहोनी) या लेखिका दुर्गा भागवत यांच्या भगिनी. मुंबई विद्यापीठाची पदवी घेतल्यावर बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांना, त्या स्त्री असल्यामुळे, प्रथम प्रवेश नाकारण्यात आला होता. त्यांच्या आग्रहामुळे १९३३ मध्ये तो अटींवर देण्यात आला. पुढे केंब्रिज येथे त्यांनी रॉबिन हिल यांच्याबरोबर वनस्पतींच्या ऊतकांवर काम केले. सायटोक्रोम सी चे ऑक्सिडीकरण करणारे सायटोक्रोम ऑक्सिडेज हे एंझाइम सपुष्प वनस्पतींत असल्याचे या दोघांनी १९३९ मध्ये नेचर या नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्याच वर्षी कमलाबाईंना केंब्रिजची पीएच्.डी. मिळाली. सायटोक्रोम सी चा शोध त्यांनीच लावला, असे कित्येकदा लिहिले जाते; ते बरोबर नाही. वनस्पतींचे श्वसनही याच शृंखलेच्या आधारे चालते हे दाखविण्यात त्यांचा वाटा होता आणि तो लहान नव्हे. वऱ्हाडातील काळ्या जमिनीत उगवणारी सरकी व त्याच शेतात औत ओढणारा बैल यांच्या कोशिकांत ऑक्सिजनाचा उपयोग मूलतः एकाच पद्धतीने होतो, असे आज निःशंकपणे म्हणता येते, त्यामागे अशा कामाचे पाठबळ आहे. कमलाबाई पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत (इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये) जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापिका व नंतर संचालक झाल्या. तेथे कडधान्यांतील प्रथिने व नीरा यांच्या पोषणमूल्यांवर त्यांनी संशोधन केले.

को-एंझाइम क्यू चा शोध : अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या एंझाइम संस्थेत गुरांच्या हृदयापासून कलकणू मोठ्या प्रमाणावर वेगळे करण्यात येत असत. १९५७ मध्ये फ्रेडरिक क्रेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांतील वसेपासून पिवळे स्फटिक मिळविले. कलकणूंच्या सान्निध्यात या पदार्थाचे क्षपण (इलेक्ट्रॉन स्वीकारण्याची क्रिया) व पुन्हा ऑक्सिडीकरण होते, असे त्यांना आढळले. इंग्लंडमध्ये लिव्हरपूल येथे आर. ए. मॉर्टन यांचा गट याच पदार्थाचा स्वतंत्रपणे अभ्यास करीत होता. तो सर्वत्र आढळतो म्हणून त्यांनी त्यास युबिक्विनोन हे नाव दिले. १९५८ मध्ये कार्ल फोकर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची संरचना निश्चित केली. त्याच्या रेणूत एक क्विनोन वलय व आयसोप्रीन या पाच कार्बन अणूंच्या घटकांची लांब साखळी असते. मानवात असे दहा घटक असतात, म्हणून त्यास क्यू-१० म्हणतात. उंदरात प्रामुख्याने क्यू-९, तर यीस्टमध्ये क्यू-६ आढळते.

पदार्थ सापडला तरी तो श्वसनशृंखलेचा अपरिहार्य घटक आहे काय, याविषयी काही वर्षे वाद होता. द्रावक वापरून कलकणूंतील को-एंझाइम क्यू काढून घेतल्यास श्वसन मंदावते व ते परत मिसळल्यास पूर्ववत होते, असे आढळल्यावर शंका दूर होऊ लागली. या कालखंडात टी. रामशर्मा यांनी आर. एल. लेस्टर यांच्याबरोबर बाहेरून दिलेल्या को-एंझाइम क्यू च्या क्षपण-ऑक्सिडीकरणाचा अभ्यास केला (१९६०). पुढे त्यांनी बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत या संयुगाच्या चयापचयावरील संशोधन चालू ठेवले.

क्यू-चक्र : श्वसनात मुक्त झालेली ऊर्जा पटलाच्या दोन बाजूंच्या प्रोटॉनांच्या विषम वाटणीत साठविली जाते, ही उपपत्ती पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडली. १९७५ मध्ये त्यांनी को-एंझाइम क्यू प्रोटॉन पटलापार कसे नेते, हे क्यू-चक्राच्या साहाय्याने स्पष्ट केले. क्षपित रेणूतील एक इलेक्ट्रॉन सायटोक्रोम सी च्या दिशेने जातो, तर दुसरा सायटोक्रोम बी मार्गे परत क्विनोनाकडे येतो. त्यामुळे प्रत्येक दोन इलेक्ट्रॉनांमागे चार प्रोटॉन पटलाबाहेर सोडले जातात. मिचेल यांना १९७८ चे नोबेल पारितोषिक मिळाले व त्या प्रसंगीच्या व्याख्यानात त्यांनी कायलिन यांच्या श्वसनशृंखलेच्या कल्पनेचे ऋण मान्य केले.

वनस्पतींतील सायनाइड-रोधी श्वसनाचा उलगडाही याच दुव्यापाशी झाला. वनस्पतींत को-एंझाइम क्यू पासून इलेक्ट्रॉन सायटोक्रोमांना वगळून पर्यायी ऑक्सिडेज या एंझाइमाद्वारे सरळ ऑक्सिजनाकडे जाऊ शकतात. सुरणाच्या कुळातील काही वनस्पतींच्या फुलोऱ्यात या मार्गाने उष्णता निर्माण होते. म्हणजे १९३९ मधील निष्कर्ष व त्यास विरोधी वाटणारे निरीक्षण, दोन्ही खरी होती. वाट जेथे फुटते ते ठिकाण तेवढे तेव्हा माहीत नव्हते.

वैद्यकीय महत्त्व : मानवी शरीर को-एंझाइम क्यू स्वतः तयार करते. जनुकीय दोषामुळे त्याची निर्मिती घटल्यास मेंदू, स्नायू व मूत्रपिंड यांचे विकार उद्भवतात आणि त्यांपैकी काहींत क्यू-१० दिल्याने सुधारणा होते. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन औषधांमुळे रक्तातील त्याचे प्रमाण घटते, कारण दोन्ही संयुगांचे संश्लेषण सुरुवातीस एकाच मार्गाने होते. निरोगी व्यक्तींना पूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या क्यू-१० पासून मिळणारा लाभ मात्र सिद्ध झालेला नाही.