डुक्कर फियाटची भोकं

घरामागच्या जांभ्याच्या पडवीत माझी एक फियाट ११०० उभी आहे. १९५०च्या दशकातली, गोलसर बांध्याची. महाराष्ट्रात जिला सगळे 'डुक्कर फियाट' म्हणतात ती. घेतली तेव्हा तिच्या दारांच्या आतल्या पत्र्याला ओळीने भोकं पाडलेली होती. रुपयाएवढी, कडा कानशीने घासलेल्या. डॅशबोर्डवर जास्तीचं मीटर बसवल्याची खूण होती. सिलिंडर हेड उतरवून मोजलं तर फेस मारून मारून तेही पातळ झालेलं. पत्र्याचं काम करणाऱ्या कारागिराने पाहताक्षणी निकाल दिला, "गंजलं असणार, कुणीतरी कापून काढलंय. भरून टाकू."

पण गंज ओळीने येत नाही. भोकं वजन कमी करण्यासाठी पाडतात. हेडला फेस मारला की ज्वलनकक्ष लहान होतो, मिश्रण जास्त दाबलं जातं आणि तेवढ्याच इंजिनातून थोडी जास्त ताकद निघते. १०८९ सीसीच्या या इंजिनाची मूळ ताकद अवघी ३६ अश्वशक्ती. तिच्यात भर घालायची धडपड कुणीतरी केली होती. ती धडपड बुजवायची की ठेवायची, हा प्रश्न माझ्यापुढे आला, आणि त्याचं उत्तर शोधताना आपल्याकडच्या शर्यतींचा इतिहास मला वेगळ्याच बाजूने दिसायला लागला.

आपल्या मुलखातल्या गाड्यांच्या सुरुवातीच्या स्पर्धा वेगाच्या नव्हत्याच. १९०८ साली मुंबई-कोल्हापूर अशी चाचणी झाली. ६२० मैल अंतर आणि सहा घाट. कोण पहिला येतो यापेक्षा कोण बंद पडत नाही, हे तिथे महत्त्वाचं होतं. रोल्स-रॉईसची ४०/५० अश्वशक्तीची 'पर्ल ऑफ द ईस्ट' ही गाडी तीत अव्वल ठरली आणि पुढे ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ती विकत घेतली. कंपनीला जाहिरात मिळाली, महाराजांना गाडी मिळाली. त्या काळात आमच्या रत्नागिरीचा माणूस मुंबईला जायचा तो आगबोटीने, पडावातून बोटीवर चढून. मोटार ही घाटावरची आणि राजेरजवाड्यांची गोष्ट होती.

राजांनी गाड्या आणल्या, पण त्या बंद पडल्यावर विलायतेहून माणूस कोण आणणार? सुटा भाग यायचा तोही बोटीने, महिन्यांनी. मग संस्थानच्या शहरांत लोहार, सुतार, ओतारी यांच्यातूनच मिस्त्री तयार झाले. कोल्हापुरात हे फार ठळकपणे घडलं. म्हादबा मेस्त्री आणि वाय. पी. पोवार यांच्यासारख्या माणसांनी दुरुस्तीवरून थेट इंजिनं बनवण्यापर्यंत मजल मारली. आज शिवाजी उद्यमनगरात आणि आसपासच्या फौंड्र्यांत देशभरच्या वाहन कंपन्यांसाठी ओतकाम होतं, त्यामागे ही परंपरा आहे. छत्रपतींची जुनी मेबॅक गाडी अजूनही दसऱ्याला दसरा चौकात येते. लोक त्या गाडीकडे पाहतात, आणि ते साहजिकच आहे. मला मात्र बॉनेटखालचे हात दिसायला लागतात. इतकी वर्षं ती चालू ठेवली कुणी?

खऱ्या अर्थाने वेगाच्या शर्यती आपल्याकडे रुजल्या त्या स्वातंत्र्यानंतर, आणि त्याही विमानांच्या धावपट्ट्यांवर. मद्रासजवळ शोलावरमची महायुद्धातली पट्टी, कलकत्त्याजवळ बराकपूर, आणि मुंबईत जुहू. जे. आर. डी. टाटा १९३२ साली टपाल घेऊन कराचीहून जिथे उतरले, त्याच जुहूला पुढे गाड्या धावू लागल्या. सपाट पट्टी, वळणं दाखवायला ठेवलेली पिंपं आणि गवताची गाठोडी, कडेला उभे प्रेक्षक.

धावायचं कशात? १९२८ साली जनरल मोटर्सने शिवडीला जुळणीचा कारखाना काढला होता; पण १९५०च्या दशकात सरकारचं धोरण बदललं. ज्यांना इथे गाडी बनवायची नाही, नुसती जोडायची आहे, त्यांना जागा उरली नाही, आणि परदेशी गाडी आणणं जवळजवळ अशक्य झालं. काही संस्थानिकांकडे खऱ्या रेसिंग कार होत्या. बाकीच्यांकडे होती ती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी फियाट. शनिवारी मागची सीट, गालिचा, बंपर काढायचे, रविवारी धावायचं, सोमवारी सगळं परत बसवून कचेरीत जायचं.

इथे एक गंमत आहे. ही गाडी इटलीत अगदीच बिचारी नव्हती. ब्रेशिया ते रोम आणि परत ब्रेशिया अशी हजार मैलांची 'मिले मिलिया' शर्यत १९२७ ते १९५७ या काळात सार्वजनिक रस्त्यांवर व्हायची, तिच्यात फियाट ११०० धावलेल्या आहेत. पण तिकडे शर्यतीचे भाग विकत मिळायचे. इकडे ते लेथवर घडवावे लागायचे. कार्ब्युरेटरचे जेट रीमरने मोठे करायचे, एक्झॉस्टचा पाइप वाकवून जोडायचा, पत्र्याला भोकं पाडायची. आपल्याकडचा शर्यतीचा इतिहास चषकांत जेवढा आहे, त्याहून जास्त या बदलांत आहे. आणि ते करणाऱ्यांची नावं निकालपत्रकात कधी आली नाहीत.

आता कायदा पाहा. केंद्र सरकारने २०२१ साली मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणी आणली. 'व्हीए' अक्षरांचा क्रमांक, २०,००० रुपये शुल्क. नियम चांगला आहे, जुन्या गाड्यांना त्याने भंगारापासून वाचवलं. पण त्यात अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. राजाच्या दारात झाकून ठेवलेल्या गाडीला ही अट सहज जमते. शर्यतीत धावलेल्या गाडीला कशी जमावी? बदल केला म्हणूनच तर ती शर्यतीची गाडी झाली. ती व्हिंटेज ठरवायची तर तिचा इतिहास पुसावा लागतो.

बाहेर जगात हा विचार झालेला आहे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली 'ट्यूरिन सनद' स्वीकारली. वास्तूंच्या जतनासाठी १९६४ साली झालेल्या व्हेनिस सनदेवर ती बेतलेली आहे. वाहनाच्या आयुष्यात झालेले बदल हाही त्याच्या इतिहासाचा भाग, असा तिचा विचार. आपल्याला हे नवीन वाटायला नको. देवळाच्या मूळ गाभाऱ्यापुढे कुणीतरी नंतर बांधलेला लाकडी सभामंडप आपण 'मूळ नाही' म्हणून पाडत नाही. पाडतो तेव्हा हळहळतो.

माझ्यापुरतं उत्तर पडवीतच मिळालं. कोकणात घरचं गॅरेज उभारायचं तर पहिला शत्रू खारी हवा आणि दुसरा पाऊस. गाडीखाली जायला खड्डा खणावा तर जूनमध्ये जांभ्यातून पाणी झिरपून त्याची विहीर होते. म्हणून जमीन फूटभर उचलून कोबा केला, आणि खड्ड्याऐवजी लोखंडी घोड्यांवर गाडी चढवतो. कौलं ठेवली, कारण पत्र्याखाली दमट हवा कोंडते. हत्यारांना दर पंधरवड्याला तेलाचा हात. इंजिनाला मदत करतो तो मिरकरवाडा बंदरातल्या ट्रॉलरांची डिझेल इंजिनं दुरुस्त करणारा मिस्त्री. समुद्रात इंजिन बंद पडलं तर ढकलायला कुणी नसतं, हे त्याला पक्कं ठाऊक, त्यामुळे तो घाईत नट आवळत नाही. ब्लॉकचं बोअरिंग मात्र आंबा घाट चढून कोल्हापूरला.

या मिस्त्रीला मी भोकं दाखवली. त्याने एका भोकाच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "हे हातानं केलंय. ड्रिल मारून नंतर कानस. चांगला माणूस होता."

त्या माणसाचा आपल्याकडे उरलेला हा एकच दस्तऐवज. मी भोकं बुजवली नाहीत. गंजाला रोखायला प्राइमर मारला, एवढंच. व्हीए क्रमांकाचा अर्ज करायचं सोडून दिलं. साध्या नोंदणीचं नूतनीकरण करत राहतो. गाडीची एक वही केली आहे. कुठला भाग कुठून आला, काय बदललं, कुणी बदललं, तारखेसह. कोल्हापूरच्या बोअरिंगवाल्याने "माझं नाव कशाला?" असं विचारलं. तरी लिहिलं. त्याच्याखाली मिरकरवाड्याच्या मिस्त्रीचं आहे. वहीच्या पहिल्या पानावर ज्याचं नाव यायला हवं, त्याच्यासाठी एक ओळ कोरी सोडली आहे.