संग्रहाआधीची वास्तू

पुण्यातील संग्रहालयांचा इतिहास चाळला की क्रम बहुधा एकच आढळतो : आधी वस्तू जमल्या, मग त्यांच्यासाठी जागा पाहिली गेली. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर गंगाधर केळकरांनी दिवे, अडकित्ते, वाद्ये, कोरीव दरवाजे आयुष्यभर गोळा केले, संग्रहाला अकाली गेलेल्या मुलाचे, राजाचे नाव दिले आणि १९७५ मध्ये तो राज्य शासनाच्या स्वाधीन केला. वीस हजारांवर वस्तू आणि शुक्रवार पेठेतली वास्तू यांची ओढाताण तेथे आजही जाणवते. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष तर एका घराच्या पोटात दुसरे घर होऊन बसले आहेत.

औंधला निराळे घडले. स्वतः चित्रकार असलेल्या भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये यमाईच्या डोंगरावर चित्रसंग्रहालय खास बांधून घेतले. रविवर्मा, धुरंधर नैसर्गिक उजेडात दिसावेत याची काळजी त्या रचनेतच घेतलेली आहे. मात्र भिंतीवर काय लागणार, हे राजाला पुष्कळसे ठाऊक होते.

समकालीन कलेचे संग्रहालय रचणाऱ्याला हीच सोय नसते. जी कृती अजून घडलेलीच नाही, जी कदाचित ध्वनी असेल, मातीचा ढीग असेल, तिच्यासाठी त्याला दालन आखायचे असते. मुंबईत १९११ च्या कावसजी जहांगीर सभागृहात १९९६ मध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आले. सभेसाठी बांधलेल्या त्या वास्तूच्या वळणांशी प्रत्येक प्रदर्शनाला जुळवून घ्यावे लागते.

मग वास्तू एखाद्या संकल्पनेवरच उभारावी काय? पुण्याला हे नवे नाही. चार्ल्स कोरिया यांनी आयुकाच्या आवारात विश्वाची कल्पना काळा दगड, मधले कुंड आणि अंगणातले आर्यभट, न्यूटन, गॅलिलिओ, आइन्स्टाइन यांतून मांडली. जयपूरच्या जवाहर कला केंद्रात त्यांनी नऊ चौरसांना नवग्रहांची नावे दिली आणि शहराच्या जुन्या आराखड्याप्रमाणे एक चौरस जागचा हलवला. दोन्ही वास्तू आम्हांला थोर वाटतात. तरी एक शंका उरते. आयुकात कल्पना आणि काम एकाच विषयाचे आहेत. जयपुरात मात्र ग्रह इतके बोलके आहेत की तेथे येणारे चित्र पाहुण्यासारखे अवघडून बसते. (वाङ्मयीन चर्चासत्रांतही प्रास्ताविकच कधी कधी असे लांबते.)

पुण्यापाशी याहून मोकळी एक कल्पना आहे : वाड्याचा चौक. दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबाग वाड्याने राजनिवास, संस्कृत पाठशाळा, नगरपालिकेची कचेरी असे सारे पाहिले; चौक तसेच राहिले. सामान्य वाड्याच्या चौकात सकाळी पापड वाळत, संध्याकाळी कीर्तन होई आणि वैशाखात मांडव पडे. भोवतालच्या ओसरीने त्याला आकार दिला. काम त्या त्या दिवसाने दिले.

अशा चौकाभोवती दालने आखणाऱ्याला पहिला सामना आषाढातल्या ओलीशी करावा लागेल. कागद आणि कॅनव्हास ती सोसत नाहीत. छप्पर घातले तर चौकाचे दालन होते, न घातले तर चार महिने तो पावसाचा. आमचे मत विचाराल तर चित्रे ओसरीच्या आत, कोरड्या खोल्यांत ठेवावीत आणि चौक उघडा सोडावा.