विज्ञानाची प्रश्नपत्रिका नेमके काय तपासते?

'आम्लारी म्हणजे काय?' हा प्रश्न सातवीच्या चाचणीत आला की पाठ केलेले मूल दोन गुण घेते. पांढऱ्या सदऱ्यावरचा हळदीचा डाग साबण लावताच लाल का होतो, आणि त्यावर लिंबू पिळले तर काय होईल, असे विचारले की तेच मूल अडते. शासनाने ठरवलेले उद्दिष्ट मात्र दुसऱ्या प्रश्नात आहे.

या उद्दिष्टांना शालेय भाषेत अध्ययन निष्पत्ती म्हणतात. एनसीईआरटीने इयत्तावार निष्पत्ती 2017 साली प्रसिद्ध केल्या आणि त्याच वर्षी शिक्षण हक्क कायद्याच्या केंद्रीय नियमांत त्यांना स्थान मिळाले. निरीक्षण करणे, साधा प्रयोग करून पाहणे, कारण सांगणे, शिकलेले रोजच्या जगण्यात वापरणे, अशी त्यांची भाषा आहे. व्याख्या लिहिणे त्यात क्वचितच सापडेल.

प्रश्नपत्रिका काढण्यापूर्वी शिक्षकांनी एक आराखडा करायचा असतो. ज्ञान, आकलन, उपयोजन आणि कौशल्य यांना किती गुण, कोणत्या घटकाला किती, हे त्यात आधी ठरते. बी.एड.च्या वर्गात या आराखड्याला 'संविधान तक्ता' म्हणतात. नाव आमच्या वाचकांना आवडेल, पण अनेक ठिकाणी तक्ता फाइलीत राहतो आणि छापील प्रश्नसंचातून पेपर तयार होतो.

काल्हेरचेच उदाहरण घेऊ. खाडीकाठच्या गुदामाचे लोखंडी शटर आतल्या कपाटापेक्षा लवकर का गंजते? हवा, पाणी आणि मीठ यांपैकी कशाचा किती परिणाम होतो हे कसे तपासाल? हा उपयोजनाचा प्रश्न झाला. गंजण्याचा तीन परीक्षानळ्यांचा प्रयोग पुस्तकात चित्रासह असतो; तो जसाच्या तसा विचारला तर तेही पाठांतरच. प्रश्न बदलला तर उत्तरसूचीही बदलावी लागते. 'ऑक्सिडीकरण' हा शब्द आला नाही, पण दोन खिळ्यांपैकी एकाला तेल लावून तुलना करू असे मुलाने लिहिले, तर गुण मिळायलाच हवेत.

आमच्या मुलांसाठी हा मुद्दा गुणांपुरता नाही. घरात पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलाची ग्रंथिक मराठीशी झटापट चालू असते. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने 1980च्या दशकात मुंबई महापालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसोबत काम केले. तेव्हा बुद्धीपेक्षा भाषेचा आणि प्रश्न विचारण्याच्या सवयीचा अडसर मोठा असल्याचे पुढे आले. पेपर फक्त पुस्तकी वाक्य मागत असेल, तर गुदामात बापाबरोबर वजनकाटा हाताळणारे मूल विज्ञानात 'कच्चे' ठरते आणि दहावीनंतर त्या शाखेकडे फिरकत नाही.

दहावीला विज्ञानाचे दोन लेखी पेपर प्रत्येकी 40 गुणांचे आणि 20 गुण प्रात्यक्षिकाचे. हे 20 गुण काही ठिकाणी उपकरणाला हात न लावताही मिळतात, हे पालकांना ठाऊक आहे. ती सूट आम्हाला मुलांवरची मेहेरबानी वाटत नाही. मुंबईतील विज्ञान शिक्षकांची संघटना सहावी आणि नववीसाठी डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा घेते. तिच्यात लेखी परीक्षेनंतर प्रयोग, प्रकल्प आणि मुलाखत असते. म्हणजे वेगळ्या प्रकारे तपासणे इथेही जमते.

कालाम सुत्तात भगवान बुद्धांनी परंपरेने आले किंवा ग्रंथात आहे एवढ्यावरून काही स्वीकारू नका असे सांगितले. संविधानाच्या कलम 51अ मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन हे नागरिकाचे कर्तव्य म्हटले आहे. दोन्ही गोष्टी आपण कार्यक्रमांत सांगतो. मुलाची सहामाहीची प्रश्नपत्रिका त्या कसोटीवर क्वचितच पाहतो.

पाहायची रीत सोपी आहे. प्रत्येक प्रश्नापुढे तो कोणती निष्पत्ती तपासतो ते लिहावे. ज्यापुढे काहीच लिहिता येत नाही, ते प्रश्न वेगळे काढून त्यांचे गुण मोजावेत. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि वंचित गटांना त्यांच्या प्रमाणात जागा असतात. हा कागद त्या समितीच्या बैठकीत, शिक्षकांना सोबत घेऊन, पुढचा पेपर निघण्याआधी मांडता येतो.