उताऱ्यावरचे प्रश्न आणि डॉक्टरकीची वाट

‘खालील उतारा वाचा व प्रश्नांची उत्तरे लिहा.’ मराठीच्या पेपरात हा प्रश्न दिसला की आपल्या वर्गाला हायसे वाटायचे. पाठांतर नाही, उत्तर समोरच आहे! बाई मात्र बजावायच्या: उत्तर उताऱ्यात शोधा, आपल्या मनचे लिहू नका. त्याच्याही आधी, चौथीला आणि सातवीला, शिष्यवृत्ती परीक्षा होती. भाषा आणि गणिताच्या जोडीला बुद्धिमत्ता चाचणी असायची. गटात न बसणारा शब्द, सांकेतिक भाषा, रांगेत पुढून सातवा आणि मागून अकरावा. (मध्यंतरी ही परीक्षा पाचवीला आणि आठवीला होऊ लागली होती.) आपल्याला ते कोडी सोडवण्यासारखे वाटे. डॉक्टरकीशी त्याचा काही संबंध असेल, असे तेव्हा कुणी सांगितले असते तर आपण हसलो असतो.

संबंध मात्र जुना आहे. अमेरिकेत १९२८ साली वैद्यकीय प्रवेशासाठी पहिली मोठी परीक्षा झाली, तेव्हाही छापील मजकूर समजतो का आणि त्यावरून तर्क करता येतो का, हे तपासले गेले. तिचीच आजची पिढी म्हणजे ‘एमकॅट’. तिच्यात उताऱ्यांवरच्या प्रश्नांचा दीड तासाचा स्वतंत्र भाग आहे. ब्रिटनच्या ‘यूकॅट’मध्येही असाच भाग असतो. रुग्ण जे सांगतो त्यातले नेमके ऐकणे आणि न सांगितलेले गृहीत न धरणे, हेच डॉक्टरचे निम्मे काम, असा त्यामागचा विचार असावा.

आपल्या जालन्याकडे मात्र प्रश्न आणखी अवघड होता, कारण वाचायचे कोणत्या भाषेत, हेच बदलत गेले. निजामाच्या राज्यात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले. त्याचे माध्यम उर्दू; वैद्यकीचे शिक्षणही उर्दूतून. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला आधी ती भाषा पेलावी लागे, मग शरीरशास्त्र. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला, १९५६ साली औरंगाबादला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि उर्दूची जागा इंग्रजीने घेतली. जालना त्या वेळी औरंगाबाद जिल्ह्यातला एक तालुका होता; आपला जिल्हा झाला तो १ मे १९८१ ला.

पुढे अकरावी-बारावी आली आणि बारावीच्या गुणांवर प्रवेश ठरू लागला. मग राज्याची सीईटी. आपली दहावी २००० सालची, म्हणजे आपण सीईटीवाले. २०० गुण, त्यांतले १०० जीवशास्त्राचे. इंग्रजीचा किंवा तर्काचा एकही प्रश्न नाही. तरीही आपल्यासारख्या मराठी माध्यमाच्या मुलांसाठी अख्खा पेपर म्हणजे आकलनाचाच होता! दहावीपर्यंत तंतुकणिका, हरितलवक, प्रकाशसंश्लेषण शिकलो आणि जूनमध्ये अकरावीत गेलो तर एकही ओळखीचा शब्द नाही. आपल्यातला एक मित्र, आता बालरोगतज्ज्ञ, पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने मराठी शब्द लिहीत जायचा. अकरावीच्या दिवाळीपर्यंत समास गच्च भरलेले, बारावीच्या पुस्तकाचे जवळजवळ कोरे. लातूर पॅटर्नचा त्या वेळी मोठा गाजावाजा होता आणि सराव-परीक्षांचे महत्त्व मला मान्यच आहे. पण दोनशे प्रश्न सोडवण्याआधी ते दोनशे प्रश्न कळावे लागतात. हे काम आपल्यापैकी बहुतेकांनी एकट्याने केले.

उघडपणे वाचन आणि तर्क तपासणारी परीक्षा आपल्या राज्यातही आहे, पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाची. पूर्वी त्यांच्या स्वतंत्र प्रवेश परीक्षेत इंग्रजी आणि बुद्धिमत्तेचे प्रश्न असत. आता ‘नीट’च्या गुणांवरून निवडलेल्या मुलांना पुण्याला बोलावतात आणि अर्ध्या तासात ४० प्रश्न देतात: इंग्रजी, आकलन, तर्क. पुदुच्चेरीच्या ‘जिपमेर’च्या परीक्षेतही असे २० प्रश्न असत, २०२० पासून ती ‘नीट’मध्ये विलीन झाली.

‘नीट’ची कहाणी आपल्या मुलाबाळांमुळे सर्वांना ठाऊक आहे. २०१३ साली आली, त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, २०१६ साली परत आली. २०१७ पासून ती मराठीतूनही देता येते. आता १८० मिनिटांत १८० प्रश्न, म्हणजे प्रश्नाला एक मिनिट. त्यात विधान आणि कारण, जोड्या लावा, असे लांबलचक प्रश्न. मराठी निवडणाऱ्याला प्रश्न इंग्रजी आणि मराठी दोन्हींत छापून मिळतात. भाषांतरात संदिग्धता असेल तर इंग्रजी मजकूर अंतिम धरतात, हे पुष्कळ पालकांना माहीत नसते. गुजरातीतून परीक्षा देणाऱ्यांची संख्या मराठीपेक्षा कितीतरी जास्त आहे. याचे नवल वाटू नये: तिकडे बारावी विज्ञानही गुजरातीत शिकवतात, आपल्याकडे दहावीनंतर मराठीचा हात सुटतो. मराठी पर्याय दिला, पण त्याकडे जाणारा जिना बांधला नाही, असे माझे मत आहे.

२०२० साली सत्तर-तीसचा प्रादेशिक कोटा गेला, तेव्हापासून आपली मुले साऱ्या राज्याच्या एकाच गुणवत्ता यादीत आहेत. ९ ऑक्टोबर २०२४ ला जालन्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले, जागा १००. आपल्या वेळी जी वाट औरंगाबाद, नांदेड, अंबाजोगाईला जायची, ती आता गावातच आली आहे.

या मेळाव्याच्या निमित्ताने शाळेला काय द्यावे, यावर गटात चर्चा चालू आहे. कुणी संगणक म्हणते, कुणी पाण्याची टाकी. माझी सूचना स्वस्तातली आहे. आठवी ते दहावीच्या मुलांसाठी दर शनिवारी एक तास, एकाच विषयावरचे दोन उतारे, एक मराठी आणि एक इंग्रजी, खाली पाच-पाच प्रश्न. घ्यायला आपल्यातलेच डॉक्टर आणि शिक्षक आळीपाळीने यावेत. आणि पहिल्या तासाला, प्रकृती साथ देत असेल तर, मराठीच्या बाईंना बोलवावे.