वाया जाणारा श्वास

दिल्लीच्या दक्षिण भागात रामकृष्णपुरम् नावाची एक मोठी वसाहत आहे. लोकांच्या तोंडी ती आर. के. पुरम म्हणूनच आहे. केंद्र सरकारच्या नोकरवर्गासाठी ती वसविली गेली आणि तिचे भाग सेक्टरांच्या आकड्यांनी ओळखले जातात. अशा वसाहतींतून राहणाऱ्या मध्यमवर्गाच्या आयुष्यात मोटार ही एके काळी मोठ्या धीराने मिळवावयाची वस्तू होती. नाव नोंदवावे, पैसे भरावे, वर्षानुवर्षे वाट पाहावी आणि मग केव्हातरी एखादी फियाट किंवा अँबेसिडर दारात येऊन उभी राहावी, असा तो काळ. इतक्या प्रतीक्षेनंतर घरात आलेली वस्तू जुनी झाली म्हणून टाकून देणे माणसाच्या जिवावर येते. पत्रा शाबूत आहे, सांगाडा भक्कम आहे, परंतु इंजिन थकले आहे, अशी गाडी पाहिली म्हणजे यंत्राची हौस असलेल्या माणसाच्या मनात एक विचार हमखास डोकावतो: हिच्यासाठी एक इंजिन आपल्या हातांनी बांधावे आणि त्याला टर्बो बसवावा.

हा विचार शहाणपणाचा की खुळा, ह्याचा निवाडा करण्यापूर्वी ह्या टर्बोची हकीकत पाहिली पाहिजे. ती शंभराहून अधिक वर्षांची आहे.

मोटारीचे इंजिन पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो. पण ते पेट्रोलपेक्षा कितीतरी अधिक हवा खाते. वजनाने एक भाग पेट्रोल पुरते जळावयाचे तर सुमारे पंधरा भाग हवा लागते. पेट्रोल वाढविणे सोपे आहे. हवा वाढविणे कठीण. पिस्टन खाली जाताना जेवढी हवा आपोआप आत येईल तेवढ्यावरच साध्या इंजिनाला भागवावे लागते. उलट, जळून बाहेर पडणारा वायू इंधनाच्या उष्णतेचा सुमारे तिसरा हिस्सा आपल्याबरोबर घेऊन नळीवाटे निघून जातो. ही उधळपट्टी स्वित्झर्लंडमधील विंटरथूर येथे १८७९ मध्ये जन्मलेल्या आल्फ्रेड ब्यूखी ह्या अभियंत्याच्या डोळ्यांत सलली. बाहेर जाणाऱ्या वायूच्या झोतावर पात्यांचे एक चाक फिरवावे, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चाक बसवावे आणि त्या दुसऱ्या चाकाने इंजिनात हवा दाबून भरावी, ही त्याची कल्पना. १९०५ मध्ये त्याने तिचे पेटंट घेतले. कल्पना सरळ होती, पण तिला साजेसे धातू आणि बेअरिंगे मिळावयास वीस वर्षे गेली. १९२० नंतरच्या दशकाच्या मध्यास दोन जर्मन उतारू-जहाजांच्या डिझेल इंजिनांवर ही योजना यशस्वी झाली. त्यांची शक्ती १७५० अश्वशक्तीवरून २५०० वर गेली. सिलिंडर तेवढेच होते. वाढली ती हवा.

दरम्यान विमानांनी ह्या शोधाला दुसरे कारण पुरविले. उंचावर हवा विरळ होते आणि इंजिनाचा दम उखडतो. अमेरिकेतील सॅनफर्ड मॉस ह्या अभियंत्याने १९१८ मध्ये लिबर्टी जातीचे विमानाचे इंजिन पाइक्स पीक ह्या सुमारे ४३०० मीटर उंचीच्या डोंगरमाथ्यावर नेले. सखल प्रदेशात ३५० अश्वशक्ती देणारे ते इंजिन माथ्यावर २३० वर आले; टर्बो जोडताच ते ३५६ वर गेले. लडाखच्या घाटांत ज्यांची गाडी धापा टाकत चढली असेल, त्यांना ह्या तीन आकड्यांचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

आपल्या देशात सामान्य माणसाने टर्बोचा आवाज प्रथम ऐकला तो मोटारीत नव्हे, रेल्वेच्या फलाटावर. अमेरिकन अल्को कंपनीच्या धर्तीची २६०० अश्वशक्तीची डिझेल इंजिने १९६२ पासून भारतीय रेल्वेत आली आणि १९६४ मध्ये वाराणसीच्या कारखान्यातून त्यांची देशी पैदास सुरू झाली. पुणे-मिरज मार्गावर ज्यांनी जुन्या काळी प्रवास केला, त्यांना गाडी सुटतानाचा तो काळ्या धुराचा लोट आठवत असेल. त्याचे कारण टर्बोच होता. चालकाने दांडा पुढे सरकविला की तेल तत्काळ वाढे. पण टर्बोचे चाक वायूच्या झोतावर वेग घ्यावयास काही क्षण घेई. तेवढ्या वेळात तेल अधिक आणि हवा कमी, अशी स्थिती होऊन अर्धवट जळलेला धूर बाहेर पडे. टर्बोचा हा उशीर त्याच्या स्वभावातच आहे, आणि मोटारीत टर्बो बसविणाऱ्याचा पहिला झगडा त्याच्याशीच असतो. पुण्याच्या कोथरूड भागात १९६२ मध्ये किर्लोस्कर-कमिन्स ही कंपनी उभी राहिली, आणि अशा मोठ्या डिझेल इंजिनांची विद्या महाराष्ट्रातही रुजू लागली.

त्याच १९६२ साली अमेरिकेत टर्बो प्रथमच विक्रीच्या मोटारींत आला. त्यांपैकी ओल्ड्समोबिल कंपनीच्या जेटफायर गाडीची कथा बोधप्रद आहे. हवा दाबली म्हणजे ती तापते. तापलेल्या हवेत पेट्रोल वेळेआधीच पेट घेते आणि पिस्टनवर हातोडे बसल्यासारखे ठोके पडतात. हे ठोके टाळण्यासाठी त्या गाडीत पाणी व मिथेनॉल ह्यांचे मिश्रण फवारण्याची सोय केली होती. मालकाने एक टाकी वेळोवेळी भरावयाची, एवढेच काम. पण पुष्कळ मालक ती भरावयास विसरत. तक्रारी वाढल्या. शेवटी कंपनीने कित्येक गाड्यांवरचा टर्बो काढून त्या जागी साधा कार्बोरेटर बसवून दिला. दोन वर्षांत प्रकरण आटोपले. यंत्र चांगले असून भागत नाही. ते रोज सांभाळणाऱ्याच्या सवयींशी जुळावे लागते, हे त्यातून दिसले. पुढे १९७७ मध्ये रेनो कंपनीने दीड लिटरचे टर्बो इंजिन तीन लिटरच्या इंजिनांविरुद्ध शर्यतीत उतरविले, तेव्हा प्रारंभी त्याची थट्टा झाली. पण १९७९ मध्ये दिजाँ येथे त्याच इंजिनाने पहिला क्रमांक मिळविला. स्वीडनच्या साब कंपनीने ह्याच सुमारास टर्बोच्या दाबाला झडपेने आवर घालून तो रोजच्या वापराजोगा माणसाळविला.

आता आपल्या गाड्यांकडे वळू. सोलापूरचे वालचंद हिराचंद ह्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट निघू लागली. तीच पुढे पद्मिनी झाली. १०८९ घन सेंटिमीटरचे चार सिलिंडरचे इंजिन आणि सुमारे चाळीस अश्वशक्ती, एवढ्या भांडवलावर तिने तीन पिढ्या वाहिल्या. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतील अखेरची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. उत्तरपाड्याची अँबेसिडर २०१४ पर्यंत निघत राहिली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. जुन्या देहात नवे इंजिन घालणे हा उद्योग आपल्याकडे केवळ हौशी लोकांनी केला असे नाही. खुद्द कारखान्यांनी तो केला. प्रीमियरने १९८५ मध्ये फियाटच्याच जुन्या घाटाच्या गाडीत निस्सानचे इंजिन बसवून ती नव्याने विकली. अँबेसिडरच्या पोटात इसुझूचे इंजिन आले. काँटेसा ही मूळ विलायती घाटाची गाडी आरंभी अँबेसिडरच्याच १४८९ घन सेंटिमीटरच्या इंजिनावर जड पावलांनी चाले. पुढे तिलाही इसुझूचे इंजिन मिळाले आणि काही गाड्यांत तर टर्बो डिझेलही आले. नवा साचा परवडत नसला म्हणजे जुन्या साच्यात नवा प्राण ओतावयाचा, ही परवान्यांच्या काळाने शिकविलेली काटकसर होती. गल्लीतल्या मिस्त्रीने तीच विद्या उचलली.

तर मग फियाटसारख्या गाडीला टर्बोचे इंजिन बांधावयाचे म्हणजे नेमके काय करावयाचे? पहिले काम खोलण्याचे. ब्लॉक तपासावा, सिलिंडर बोअर करावेत, क्रँक मापून पाहावा. मूळचे ओतीव पिस्टन वाढीव दाबाला पुरे पडत नाहीत. म्हणून घडीव पिस्टन घालावे लागतात आणि सिलिंडरातील दाबाचे मूळ प्रमाण थोडे उतरवावे लागते, नाही तर जेटफायरचे ठोके येथेही ऐकू येतील. टर्बो लहान निवडावा. मोठा टर्बो कागदावर अधिक शक्ती दाखवितो. पण चौकातून गाडी काढताना तो झोपलेला असतो. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. त्याला स्वच्छ तेलाची येती आणि जाती वाट स्वतंत्र करून द्यावी लागते. दाबलेली हवा थंड करण्यासाठी पुढे आणखी एक जाळी हवी. दिल्लीच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांकडे झुकतो, तेव्हा ह्या जाळीवाचून चालणार नाही. कार्बोरेटर दाबाखाली नीट वागत नाही, म्हणून त्याच्या जागी पेट्रोल फवारणारी विजेरी यंत्रणा आणि ठिणगीच्या वेळेचे नवे गणित आलेच. सुटे भाग शोधावयास काश्मिरी गेटचा मोटार बाजार आणि मायापुरीची भंगार पेठ दिल्लीत आहेतच.

एवढे सारे केल्यावर वातावरणाच्या दाबाच्या निम्म्याने हवा अधिक भरली, तर हिशेबाने चाळीसाचे साठ अश्वशक्ती होतात. प्रत्यक्षात उष्णतेमुळे काही कमीच. आणि मग ध्यानात येते की क्लच, गिअरपेटी, रेडिएटर आणि चारही चाकांचे जुने ड्रम-ब्रेक ह्यांची घडण चाळिसांसाठीच झालेली आहे. धावण्याचे बळ वाढविले की थांबण्याचेही वाढवावे लागते. इंजिनापासून सुरू झालेले काम अशा रीतीने साऱ्या गाडीवर पसरते.

येथवरचा प्रश्न कौशल्याचा आणि पैशाचा झाला. पुढचा प्रश्न शेजारधर्माचा आहे, आणि तो आर. के. पुरममध्ये टाळता येत नाही. ह्याच वसाहतीत हवा मोजण्याचे एक केंद्र आहे आणि हिवाळ्यात त्याचे आकडे वृत्तपत्रांतून देशभर जातात. अतिसूक्ष्म धूलिकणांची आपल्या देशाने ठरविलेली दिवसाची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. दिल्लीच्या हिवाळ्यात ती कित्येक पटींनी ओलांडली जाते. ह्या शहराने हवेपायी इंजिने बदलण्याचा फार मोठा प्रयोग पूर्वी केलेला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ च्या आदेशानंतर २००२ अखेरपर्यंत दिल्लीच्या साऱ्या शहर-बसगाड्या डिझेल सोडून नैसर्गिक वायूवर आल्या. पुढे २०१४ आणि २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने पंधरा वर्षांवरील सर्व, आणि दहा वर्षांवरील डिझेल, गाड्यांना दिल्लीचे रस्ते बंद केले. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तेच उचलून धरले. जुलै २०२५ मध्ये अशा गाड्यांना पंपावर इंधन नाकारण्याचा प्रयत्न झाला आणि काही दिवसांतच तो थांबवावा लागला. ऑगस्टमध्ये न्यायालयाने मालकांवरील सक्तीच्या कारवाईस अंतरिम मनाई केली. गाडीचे वय मोजावे की तिचा धूर, हा वाद त्यातून पुन्हा उभा राहिला.

इंजिन बदलण्याविषयी कायदा त्याहून स्पष्ट आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते की, निर्मात्याने दिलेल्या वर्णनाशी विसंगत असा फेरफार मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ह्या कलमाचा अर्थ कठोरपणे लावला. दुसरीकडे, २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरील गाड्यांना वारशाचा मान आणि वेगळी नोंदणी देऊ केली. पण अट अशी की गाडीचा मूळ सांगाडा, पत्रा आणि इंजिन ह्यांत मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे १९७४ ची फियाट जशी होती तशी जपली, तर ती आज वारसा ठरू शकते. तिला टर्बो बसविला, तर ती रस्त्यालाही मुकते आणि मानालाही.

तरीही हे कौशल्य वाया जाऊ द्यावे असे मला वाटत नाही. ब्यूखीच्या चाकाचे आजचे काम पाहा. २०२० पासून लागू झालेल्या कडक धूर-नियमांत आपले मोटार कारखाने एका लिटरच्या छोट्या इंजिनाला टर्बो जोडून मोठ्या इंजिनाचे काम घेतात, आणि इंधन वाचवितात. हे चाक जन्मले तेच मुळी उधळपट्टी थांबविण्यासाठी. गॅरेजात मात्र ते बहुधा वेगाच्या हौसेसाठी बसविले जाते, आणि ठोके टाळण्यासाठी पेट्रोल हात सैल सोडून ओतले जाते. त्या जास्तीच्या पेट्रोलाचा अर्धवट जळलेला विषारी वायू शेजाऱ्याच्या खिडकीत शिरतो. १९९५ पासून दिल्ली-मुंबईत नव्या पेट्रोल गाड्यांना सक्तीची झालेली धूर शुद्ध करणारी जाळी जुन्या फियाटला मुळातच नाही.

म्हणून माझे मत असे. ज्याच्या हातांत ही विद्या आहे त्याने इंजिन जरूर बांधावे. बंदिस्त शर्यतमार्गासाठी बांधावे, अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शिकविण्यासाठी बांधावे, आणि त्याच्या धुराचे मापही शक्तीइतक्याच काळजीने घ्यावे. दाराशी उभ्या असलेल्या पन्नाशीच्या गाडीला मात्र तिचे जुने चाळीस घोडेच शोभतात. तिचे तेल बदलावे, कार्बोरेटर साफ ठेवावा, झडपा बसवून घ्याव्यात. एवढ्यानेही ती सरळ चालते आणि धूर कमी ओकते. ज्यांनी सात-आठ वर्षे वाट पाहून ती आणली होती, त्यांना तिच्या वेगाविषयी तक्रार कधीच नव्हती.