हाडाची लांबी वाढवणारी चौकट : थोडा इतिहास

ताठरता हा विषय शिकवताना आपण तुळई घेतो. मला इलिझारोव्हची चौकट जास्त आवडते, कारण या रचनेचा एक घटक, म्हणजे हाड, जिवंत असतो.

1905 मध्ये बोलोन्याचे शल्यविशारद कोदिविला यांनी मांडीचे हाड कापून, टाचेतील सळईला ओढ देऊन पाय लांब करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. लांबी मिळे, पण एकदम दिलेल्या मोठ्या ओढीने मज्जातंतू दुखावत, आणि कापलेली टोके सांभाळायला प्लास्टरच असे.

उत्तर मिळाले 1950 नंतर, सायबेरियातील कुर्गान येथे. गव्रील इलिझारोव्ह यांनी पायाभोवती धातूची कडी बसवली आणि 1.5 ते 1.8 मिमी जाडीच्या तारा हाडातून आरपार नेऊन कड्यांना ताणून बांधल्या. सायकलच्या चाकातील आरे आठवा: बारीक तार ताणल्यावरच भार पेलते. कडे जितके लहान आणि तारा जितक्या काटकोनाजवळ, तितकी चौकट ताठ. कड्यांना जोडणाऱ्या दांड्यांच्या आट्यांचे अंतर 1 मिमी. म्हणून नट दिवसातून चार वेळा पाव फेरा फिरवला की रोज 1 मिमी लांबी वाढते. घाई केली तर फटीत हाडाऐवजी तंतूच भरतात, फार रेंगाळले तर हाड आधीच जुळून जाते.

1964 च्या टोकियो ऑलिंपिकमधील उंच उडीचे विजेते ब्रुमेल यांचा पाय 1965 च्या मोटारसायकल अपघातात चुरडला. अनेक शस्त्रक्रिया फसल्यावर इलिझारोव्ह यांनी तो बरा केला. पश्चिम युरोपला मात्र ही पद्धत 1980 नंतरच, इटलीमार्गे कळली.

आता हाडाकडे वळू. सर्व गणित तारेची पकड पक्की धरून केलेले असते. घनता कमी असलेल्या हाडात ताणलेली तार हाडच कापत सरकते, जाड पिना सैल होतात. कडी कितीही ताठ असोत, कमजोर दुवा हाडातच राहतो. म्हणून अशा रुग्णात तारांची संख्या वाढवून भार वाटून द्यावा लागतो.

नवे हाड घट्ट व्हायला वेळ लागतो. ढोबळमानाने एका सेंटिमीटरमागे एक महिना चौकट अंगावर, कमजोर हाडात त्याहून जास्त. दोन दिशांनी घेतलेल्या एक्स-रेत चारपैकी निदान तीन कडा भरलेल्या दिसेपर्यंत ती काढत नाहीत. रुग्ण कंटाळलेला असतो, पण आधी काढली तर नवे हाड वाकते किंवा मोडते.